वडिलांच्या वर्षश्राद्धाला आठवणींची पुस्तिका काढताय? फोटो नंतर, आधी माणसं

दरवर्षी दोन-तीन जण तरी मला फोन करतात आणि सगळ्यांचं बोलणं जवळपास सेम असतं, "फोटो सगळे गोळा झालेत, ग्रुपवर लेख पण मागवलेत, आता फक्त छापायचं राहिलंय, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे." मग मी म्हणतो ते लेख जरा पाठवा. पंचवीस लेख येतात आणि पंचवीसच्या पंचवीस लेखांत बाबा प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, बाहेरून फणस आतून गरे. वरचं नाव झाकलं तर ते कुणाचेही वडील म्हणून खपतील.

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायची म्हणून सांगत नाहीये, आमच्या अण्णांच्या वेळी मी पण हेच केलेलं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, उभं आयुष्य त्यात गेलं, आणि आमच्या पहिल्या कच्च्या पुस्तिकेत त्यांच्या नोकरीवर एकच ओळ होती, "त्यांनी प्रामाणिकपणे सेवा केली." कारण घरातल्या कुणीच त्यांना गाडीत काम करताना धड बघितलेलं नव्हतं. मग सगळं बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरू केलं. त्यात जे शिकलो आणि नंतर नातेवाइकांच्या, मित्रांच्या पुस्तिका करताना जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. क्रम बदलू नका, कारण बहुतेक घोळ क्रमाचाच असतो.

१. आधी तारीख पक्की करा आणि तिथून उलटं मोजा

वर्षश्राद्ध तिथीनं होतं, कॅलेंडरच्या तारखेनं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे तिथी जवळपास अकरा दिवस आधीच येते, आणि मध्ये अधिक महिना आला तर हिशोब उलटा फिरून पुढे जातो. मी डोक्यात इंग्रजी तारीख धरून बसलो होतो, गुरुजींनी तिथी काढली तेव्हा पुस्तिका प्रेसमध्ये आणि पाहुणे दारात. शेवटी नंतर पोस्टानं पाठवत बसलो, आणि त्यातल्या कितीतरी पोचल्याच नाहीत. तेव्हा पहिला फोन गुरुजींना, दुसरा प्रेसवाल्याला.

हातात सहा महिने हवेत. माणसांशी बोलायला दोन महिने, कागदपत्रं आणि फोटो मिळून एक, लिहायला दीड, टायपिंग-प्रूफला पंधरा दिवस आणि प्रेसला तीन आठवडे. तुमच्याकडे दोनच महिने उरले असतील तर सरळ पहिल्या पितृपक्षाची नाहीतर पुढच्या वर्षीच्या श्राद्धाची तारीख धरा. घाईत छापलेलं परत छापायला कुणी पैसे काढत नाही.

*थांबा:* पहिल्या तेरा दिवसांत कुणासमोर मोबाईल धरून रेकॉर्डिंग करू नका. आईसमोर तर नाहीच. पण एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण भेटायला येणारी माणसं दारातून आत येता येता जे बोलून जातात ते नंतर बोलवून सुद्धा बोलत नाहीत. रात्री झोपायच्या आधी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कोण आलेलं, काय म्हणाले, फोन नंबर. तेराव्याला एक म्हातारे गृहस्थ आलेले, म्हणाले मी शाळेत असताना पास हरवला होता तर तुमच्या वडिलांनी आठवडाभर माझं तिकीट स्वतःच्या खिशातून फाडलं. मी हात जोडले, चहा दिला, आणि नंबर घ्यायचा राहिला. कुठल्या गावचे, काय नाव, आजतागायत कळलेलं नाही.

२. सूत्रं एकाकडेच द्या

भावंडं कितीही असोत, गोळा करणारा एकच. बाकीच्यांनी त्याला पाठवायचं. खर्च किती, कोण किती देणार हे पण आत्ताच, तोंडावर बोलून घ्या, नंतर पुस्तिका राहते बाजूला आणि हिशोबावरून तोंडं फिरतात. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला तुमचं घर माहीत आहे.

३. कुणाशी बोलायचं त्याची यादी: वयानं मोठं ते आधी

लोक यादी नात्याच्या जवळिकीनं करतात, म्हणजे आई, मोठा भाऊ, ताई, मग बाकीचे. तसं नका करू. यादी वय आणि तब्येत बघून करा. ८८ वर्षांची आत्या या आठवड्यात, पुण्याचा ५० वर्षांचा चुलतभाऊ दोन महिन्यांनी चालेल.

दुसरं म्हणजे यादीत निम्मी माणसं घराबाहेरची हवीत. बरोबर काम करणारे, शेजारी, ज्याच्याकडे आयुष्यभर दाढी-कटिंग केली तो, उधारी ज्याच्याकडे असायची तो किराणावाला, भजनातले, तालमीतले, पत्त्यांच्या डावातले. बापाचं निम्मं आयुष्य घराबाहेर जातं आणि आपण लेख मात्र फक्त घरातल्यांकडून मागवतो. आमच्या यादीत सातव्या नंबरवर अण्णांच्या जोडीचे ड्रायव्हर होते, ते खरं तर पहिल्या नंबरवर पाहिजे होते. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

आईचं वेगळं. आईला समोर बसवून "सांग आता" असं केलं की ती एक तर रडते नाहीतर "काय सांगायचं, सगळं चांगलंच होतं" म्हणून उठून जाते. आमची आई मेथी निवडायला बसली की आपोआप बोलते, म्हणून मी तेव्हा शेजारी जाऊन बसायचो, दोन काड्या मी पण निवडायचो. असं दहा-बारा वेळा झालं तेव्हा सगळं मिळून जुळलं. एका बैठकीत आईकडून काही मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका. आणि रेकॉर्डिंग चालू करताना तिला सांगूनच करा, लपवून नको.

४. रेकॉर्डिंगला बसताना

मोबाईल पुरतो, वेगळा माईक नको. पण या गोष्टी दर वेळी, न चुकता:

पंखा बंद. उकडलं तर उकडू दे. कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर सगळ्यावर बसते. काकांचं दीड तासाचं रेकॉर्डिंग मी पंख्याखाली, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून केलं, त्यात कुकरच्या शिट्ट्या स्पष्ट आणि काका पुसट. परत बसू म्हटलं, तर महिन्याभरात काकांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. त्या दीड तासातलं जेमतेम वीस मिनिटांचं काहीतरी हाताला लागलं.

मोबाईल फ्लाइट मोडवर, नाहीतर मध्येच लोनवाल्याचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. मोबाईल टेबलावर नुसता ठेवू नका, खाली टॉवेलची घडी टाका, नाहीतर कपबशी ठेवल्याचा आवाज बाँबसारखा येतो. आधी एक मिनिट टेस्ट करून ऐका, मग सुरू करा. सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख, गाव आणि समोरच्याचं नाव बोला, सहा महिन्यांनी अठ्ठावीस फाईलींमधून शोधताना त्याचा उपयोग कळतो.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आवरा. म्हाताऱ्या माणसाला थकल्याचं सांगायला लाज वाटते. आणि पहिली बैठक एकट्याशीच करा, कारण दोघं बसले की एक बोलतो आणि दुसरा माना डोलावतो. नंतर दुसऱ्या फेरीत दोन भावंडांना मुद्दाम एकत्र बसवा, मग ती भांडतात, "छे, तू तेव्हा पाळण्यात होतीस", आणि त्या भांडणात नेमकी माहिती निघते.

*तपासा:* त्याच रात्री फाईल दोन ठिकाणी गेली का? एक गूगल ड्राइव्हवर, एक लॅपटॉपमध्ये. मोबाईल हरवला, पाण्यात पडला, पोरानं जागा मोकळी करायला डिलीट केलं, या तिन्ही घटना माझ्या ओळखीत घडलेल्या आहेत.

५. काय विचारायचं: इथं सगळ्यात जास्त चुकतं

"अण्णा कसे होते?" या प्रश्नाला "देवमाणूस" यापलीकडे उत्तर नाही. समोरच्याची चूक नाही, प्रश्नच तसा आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही आणि चांगलं म्हणजे विशेषणं, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. म्हणून प्रश्न इतका बारीक विचारा की उत्तरात विशेषण मावायलाच नको. मी विचारतो ते काही इथं देतो, तुम्ही आपापले करा:

पहाटे कामावर निघताना काय खाऊन निघायचे? पगार झाल्यावर पैसे आधी कुणाच्या हातात द्यायचे, की खुंटीच्या शर्टात राहायचे? पहिली सायकल कुणाकडून घेतली, कितीला? राग आला की ओरडायचे का गप्प व्हायचे, आणि गप्प झाले तर किती दिवस? कुणाशी बोलणं बंद होतं? कुणाचे पैसे बुडवले होते, कुणी त्यांचे बुडवले? आजारी पडले की डॉक्टरकडे जायचे का सुंठ उगाळायचे? कुठल्या गोष्टीला घाबरायचे? त्यांच्या हातचं काय खाल्लंय तुम्ही? शेवटचं भेटलात तेव्हा काय बोलणं झालं?

उत्तर आलं की पुढचा प्रश्न फेकू नका. "मग?" म्हणा आणि गप्प बसा. दहा सेकंद शांतता खूप वाटते, पण खरी गोष्ट बऱ्याचदा त्या दहा सेकंदांनंतर येते.

ड्रायव्हर काकांना मी विचारलं, नाईट आऊटला गेल्यावर अण्णा रात्री काय करायचे? (मुक्कामी गाडीला एसटीत नाईट आऊट म्हणतात, गाडी रात्री शेवटच्या गावात थांबते आणि सकाळी पहिली फेरी तिथूनच सुटते.) ते म्हणाले, आधी कॅश. शेवटच्या सीटवर टॉवेल अंथरायचा, चिल्लर ओतायची, नाण्यांच्या चळती लावायच्या, वेबिलाशी (विकलेल्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी) मेळ बसला की चिल्लर रुमालाच्या गाठीत आणि ती गाठ उशाखाली. मेळ बसला नाही तर जेवायचं नाही. एकदा पंचवीस पैसे कमी आले तर बॅटरी घेऊन अख्ख्या गाडीत सीटखाली शोधत बसले, गावातनं आलेली भाकरी-पिठलं गार झालं, आणि नाणं सापडलं त्यांच्याच चपलेत. मी ते ऐकलं आणि एकदम लक्षात आलं की घरी रात्री दुधाचा, वाण्याचा हिशोब लागल्याशिवाय अण्णा ताटावर का बसत नसत. आम्हाला तो चिक्कूपणा वाटायचा. "प्रामाणिकपणे सेवा केली" ही ओळ मी त्या दिवशी काढून टाकली.

*वर्ष कसं काढायचं:* "हे कोणत्या साली झालं?" असं म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो अंदाजे काहीतरी ठोकून देतो. त्यापेक्षा मोठ्या घटनेच्या आधी की नंतर ते विचारा. आमच्या सातारा भागात कोयनेचा भूकंप चालतो, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा, तो कुणीच विसरलेलं नाही. पुण्यात पानशेत धरण फुटलं तो पूर, १२ जुलै १९६१. जवळपास सगळ्या महाराष्ट्रात ७२ चा दुष्काळ, त्यात "सुकडी (दुष्काळात वाटायचे ते खाणं) खाल्ली का, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते का" हे विचारलं तर वर्षच काय, कुठल्या तलावाचं काम ते पण कळतं. गिरणगावातल्या माणसाला १९८२ चा संप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, मुंबईला २६ जुलै २००५. "लग्न भूकंपाच्या आधी का नंतर? थोरली तेव्हा चालायला लागलेली का?" अशा दोन प्रश्नांत एका वर्षापर्यंत येता येतं.

६. कागदपत्रं: तारखा तोंडी घेऊ नका

आता ट्रंक उघडायची. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मपत्रिका, नेमणुकीचं पत्र, सेवापुस्तकाची नक्कल, पेन्शनची कागदं, सातबारा आणि फेरफार, जुनं रेशनकार्ड, विम्याच्या पावत्या, लग्नाची पत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या, आंतरदेशीय पत्रं. पत्रं मिळाली तर सोनंच, पण ती आई हयात असेल तर आधी आईला विचारूनच वाचा.

इथं दोन खड्डे आहेत. पहिला १ जूनचा. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख माहीत नसायची आणि मास्तर पोरगं वर्गात बसेल असं वय धरून १ जून टाकून मोकळे व्हायचे. दाखल्यावर १ जून दिसला तर ती जन्मतारीख म्हणून छापायच्या आधी पत्रिका शोधा, नाहीतर आत्याला विचारा, "नागपंचमीच्या आसपासचा" असं काहीतरी तिला नक्की माहीत असतं. काहीच नाही मिळालं तर "कागदोपत्री १ जून" असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा खड्डा शकाचा. पत्रिकेवर शके १८६० असेल तर त्यात ७८ मिळवायचे, १९३८ येतं. पण जन्म वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे माघ-फाल्गुनात असेल तर ७९ मिळवायचे, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. पौष आणि कधीकधी मार्गशीर्षाची अखेर मधोमध अडकते, तिथं जुनं पंचांग नाहीतर तिथी-तारीख सांगणारी साईट बघितल्याशिवाय लिहू नका.

*तपासा:* जन्म, लग्न, नोकरी, मुलांचे जन्म, निवृत्ती, मृत्यू अशी एका पानावर ओळ लावा आणि वयं मोजून बघा. एका घरात असं मोजल्यावर आजोबा चौथीत असताना नोकरीला लागलेले निघाले.

७. फोटो: आता काढा

लोक इथून सुरुवात करतात आणि इथंच दमतात. तुम्ही आत्तापर्यंत माणसांशी बोललेले असल्यामुळे कुठला फोटो शोधायचा ते तुम्हाला आता माहीत असतं, त्यामुळे चारशे फोटोंऐवजी चाळीसच काढावे लागतात.

स्कॅनर असेल तर जुने छोटे ब्लॅक अँड व्हाइट फोटो ६०० डीपीआयला (एका इंचात किती ठिपके ते) स्कॅन करा, म्हणजे छापताना मोठे करता येतात. पोस्टकार्ड साईजचे ३०० ला चालतील. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल फोटोच्या अगदी समांतर धरून काढा. उन्हात नको, सावलीतला उजेड. फोटोची मागची बाजू पण काढा, स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी लिहिलेली तारीख तिथंच असते.

*थांबा:* चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेला फोटो ओढून काढू नका. नखानं तर नकोच. हळूच फोटोच्या खालून पातळ दोरा किंवा दातांचा फ्लॉस करवतीसारखा सरकवून बघा, नाही सुटला तर आहे तिथंच फोटो काढा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवू नका, ओलं करून सुटतो म्हणतात, त्यात चेहराच काचेवर राहतो. काचेवरूनच तिरक्या उजेडात, काळा कपडा आपल्यामागे धरून फोटो काढला की चकाकी येत नाही.

नातेवाइकांकडून मागवताना सांगा की व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो, स्क्रीनवर छान दिसतो आणि कागदावर ठिपके. आणि मूळ फोटो कुणाचा घेतला तर त्या दिवशीच परत. "पुस्तिकेसाठी नेलेला आमचा लग्नाचा फोटो" यावरून वीस वर्षं अबोला असलेली दोन घरं मला माहीत आहेत.

फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलनं, कडेला. बॉलपेननं लिहिलं की पुढच्या बाजूला चेहऱ्यावर ओरखडा उठतो. फाईलचं नाव देताना आधी वर्ष, मग प्रसंग, मग डावीकडून उजवीकडे माणसं. हे कंटाळवाणं आहे, पण मोठी आत्या आहे तोवर करून घ्या, कारण मागच्या रांगेतला टोपीवाला कोण ते फक्त तिलाच माहीत आहे.

८. नातवंडांचा भाग

मोठी माणसं नातवंडांच्या नावानं स्वतः लिहितात आणि खाली "कु. अमुक, इयत्ता चौथी" टाकतात. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. पोरांना निबंध लिहायला लावू नका, त्यांना विचारा, आजोबांच्या खिशात काय असायचं? त्यांच्या खोलीला वास कसला यायचा? ते तुला काय करू द्यायचे जे आई करू देत नाही? माझी पुतणी अण्णांना आबा म्हणायची, तिनं सांगितलं, "आबांच्या खिशात पंच होता, ते मला पेपर टोचू द्यायचे." निवृत्त झाल्यावर सुद्धा तिकिटाचा पंच त्यांच्या कपाटात असायचा हे आम्हाला माहीत होतं, पण ते रोज दुपारी वर्तमानपत्राच्या कडेला तिला भोकं पाडू द्यायचे, नंतर दोघं त्या बारीक टिकल्या गोळा करायचे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती दुपारी झोपायची वेळ ना.

पोरं बोलतात तसंच्या तसं उतरवा. चुकीचं मराठी, मधलं इंग्रजी, सगळं राहू दे. अमेरिकेतली नातवंडं इंग्रजीतच बोलली तर ते मराठीत आणताना लेखकाची भाषा करू नका, तेवढंच बोबडं ठेवा. लहान असतील तर चित्र काढून घ्या, आणि चित्र साध्या कागदावर काळ्या पेननं, रंगीत खडूचं छपाईत मळकट येतं.

९. लिहिणं आणि मुख्य म्हणजे गाळणं

रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायला वेळ जातो, गूगल डॉक्समध्ये किंवा जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग आहे, स्वतः ऐकत ऐकत तेच वाक्य बोलून दाखवलं की बरंच काम होतं. गावांची आणि माणसांची नावं मात्र ते हमखास चुकवतं.

मग एक रंगीत पेन घ्या आणि सगळ्या लेखांतली विशेषणं खोडा. प्रेमळ, मायाळू, शिस्तप्रिय, दिलदार, सगळी. विशेषण खोडल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही तर वाक्यच गेलं. उरलं तर ते ठेवायचं. लिहिणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून सोडू नका, त्याला फोन करून विचारा, "तू दिलदार लिहिलंयस, कशावरून?" आणि तो फोनवर जे सांगेल ते छापा.

जन्म-शिक्षण-नोकरी-लग्न असा क्रम लावायलाच पाहिजे असं नाही. तारखांची ओळ एका पानावर देऊन टाका आणि बाकी तुकड्या-तुकड्यांत करा: गाडीतले अण्णा, शेतातले अण्णा, दवाखान्यातले अण्णा. एक तुकडा पान-दीड पानाचा. लोक पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाहीत, मधूनच उघडतात.

आता अवघड भाग. वाटण्या, दारू, न बोलणारा भाऊ, पहिलं मोडलेलं लग्न. प्रत्येक घरात काहीतरी असतं. माझा नियम एवढाच, ज्या जिवंत माणसाबद्दल ओळ आहे त्याला ती ओळ छापायच्या आधी वाचून दाखवायची. तो नको म्हणाला तर काढायची, वाद घालायचा नाही. पण वडिलांचे स्वतःचे दोष सगळे धुऊन टाकू नका. अण्णा चिडले की चार-चार दिवस बोलायचे नाहीत हे आम्ही ठेवलं, आईच म्हणाली ठेवा, खोटं वाटायला नको.

*तपासा:* पुस्तिकेत कुणाचा पत्ता, मोबाईल, आधार किंवा पेन्शनचा नंबर, मुलांच्या शाळेचं नाव तर गेलेलं नाही ना? कागदपत्राचा फोटो छापताना नंबर झाका.

१०. टायपिंग, फॉन्ट, प्रूफ

मजकूर युनिकोडमध्ये (मोबाईलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत) टाईप करा आणि प्रेसला द्यायच्या आधी विचारा की तुमच्याकडे युनिकोड चालतं का. अजून बरेच डीटीपीवाले (प्रेससाठी पानं लावणारे) जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, मजकूर तिकडे बदलून घेताना रफार, ऱ्य, ॲ आणि जोडाक्षरं सांडतात. "सूर्य"चं काहीतरी भलतंच होतं आणि ते छापून आल्यावर दिसतं. शक्य असेल तर स्वतः पानं लावून पीडीएफ द्या, फॉन्ट त्यातच बसवलेले असू द्यात. आणि फॉन्ट निवडताना ल आणि श बघा, हिंदी वळणाचा ल-श आला की आपल्या डोळ्याला खडा लागल्यासारखं होतं. अक्षर जरा मोठंच ठेवा, वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत.

प्रूफ तिघांनी वाचायचं. एकानं फक्त नावं, एकानं फक्त आकडे आणि तारखा, आणि तिसरा घराबाहेरचा माणूस, त्यानं सगळं. घरातल्या माणसाला चूक दिसत नाही, त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. सगळ्यात जास्त चुका मुखपृष्ठावर आणि फोटोंखालच्या ओळींत निघतात, कारण ते सगळ्यात शेवटी घाईत टाईप केलेलं असतं.

११. प्रेस

साईज ए-फाईव्ह (ए-फोर कागदाच्या निम्मी) ठेवा, पिशवीत मावते, कपाटात उभी राहते. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, ४८ किंवा ५२ असं. पन्नास पानं असतील तर दोन पानं कोरी ठेवून ५२ करा, "आमच्या आठवणी" म्हणून ती रिकामीच राहू द्या. साठ-पासष्ठच्या वर गेलं की पिनेची पुस्तिका फुगते, मग चिकटवलेली बांधणी सांगा आणि आतल्या बाजूला मार्जिन जास्त सोडा, नाहीतर ओळीची सुरुवात बांधणीत गिळली जाते.

आतला कागद १०० जीएसएम (कागदाचं वजन, आकडा जितका मोठा तितका कागद जाड) मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा, फोटोंची आठ पानं एकत्र करून १३० चा गुळगुळीत आर्ट पेपर, कव्हर ३०० चं आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. शंभर-दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल प्रिंट परवडतं, जास्त असतील तर ऑफसेटचा (प्लेट बनवून छापतात त्याचा) भाव पण घ्या. दोन ठिकाणी कोटेशन मागा आणि दोघांना कागद, पानं, रंगीत पानं हे सगळं एकसारखं लिहून द्या, नाहीतर भाव जुळवता येत नाहीत.

प्रती मोजताना माणसं मोजू नका, घरं मोजा. एका घरात एक. वर वीस जास्तीच्या, दर वेळी लागतात.

*थांबा:* पूर्ण छपाईच्या आधी एक नमुना प्रत (डमी) त्याच कागदावर, त्याच बांधणीत तयार करून मागा आणि हातात घेऊन बघा. स्क्रीनवर उजळ दिसणारे जुने फोटो कागदावर एक-दोन पट्टी काळे येतात. आमच्या पहिल्या डमीत अण्णांचा खाकी गणवेश आणि मागची गाडी एकच झालेली, फक्त दात दिसत होते. फोटो उजळून परत दिला.

१२. वाटप आणि नंतरचे फोन

पुस्तिका जेवायच्या आधी वाटली की ती पत्रावळीशेजारी जाते, आमटीचा डाग पडतो, निम्म्या प्रती खुर्च्यांवरच राहतात. निघताना दारात, पानसुपारीबरोबर हातात द्या. त्याआधी पहिली प्रत आईला, तिच्याशिवाय कुणी उघडायची नाही. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. पीडीएफ आणि सगळी मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर भावंडांना एकेक, आणि वर्षातून एकदा, श्राद्धाच्या दिवशीच, तो लावून चालतोय का बघा.

आणि दुसऱ्या दिवसापासून फोन येतील, त्याची तयारी ठेवा. कुणाचं नाव राहिलं, कुणाचा फोटो लहान आला. रागावू नका, वही परत उघडा आणि तारीख टाकून सगळं लिहून घ्या, कारण पुस्तिका वाचून लोकांना जे आठवतं ते तुमच्या सगळ्या प्रश्नांनी पण आठवलेलं नसतं. आमच्या आत्यानं तर सकाळी साडेसहालाच फोन केला, पान ११ वर बैलाचं नाव सर्जा छापलंय, सर्जा शेजाऱ्यांचा, आपला ढवळ्या, आणि ढवळ्याला घेऊन अण्णा एकदा पुराच्या पाण्यात कसे उतरले होते ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही की काय. मी म्हटलं थांब, आणि पंखा बंद केला.